नऊ नंबरसाठी पाहिलेलं स्थळ

आमच्या क्लबचा कोणताही निर्णय गावाला कळायच्या आधी माझ्या झेरॉक्स मशीनला कळतो. शेलूबाजारच्या मैदानाला लागून माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, पेन, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मी विकायला आणते आणि शेवटी मीच वाचते अशा काही कादंबऱ्या, एक संगणक, एक प्रिंटर आणि हे मशीन. क्लबला कार्यालय नाही. अध्यक्ष आहेत, तीन उपाध्यक्ष आहेत, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव आहेत, आणि सल्लागार दरवर्षी वाढत असल्यामुळे लेटरहेडच्या डाव्या समासातली अक्षरं मी दरवर्षी थोडी लहान करते. मागच्या खेपेला ती इतकी लहान झाली की एक सल्लागार स्वतःचं नाव शोधायला माझ्याकडचं भिंग मागू लागले. नाव सापडल्यावर ते समाधानाने घरी गेले. क्लबच्या बाबतीत त्यांनी दिलेला तो एकमेव सल्ला मला आठवतो: अक्षरं यापेक्षा लहान करू नका.

खेळाडूंची नावं लेटरहेडवर नसतात.

मी तीस वर्षं हा फुटबॉल पाहते आहे, तोही दुकानाच्या मागच्या खिडकीतून. माझी गणना प्रेक्षकांत होत नाही, कारण प्रेक्षक म्हणजे जे मांडवात बसतात ते. मांडव मैदानाच्या ज्या बाजूला घालतात, तिथून दुपारी ऊन थेट डोळ्यांत येतं आणि पश्चिमेकडचा गोल दिसत नाही. पण तिथून खुर्च्यांवर बसलेली माणसं मैदानातून छान दिसतात. मांडवाची जागा त्यावरूनच ठरते.

दर हिवाळ्यात आमचा क्लब खुली स्पर्धा भरवतो. मंगरूळ, कारंजा, अकोल्याकडचे संघ येतात, खेळतात, आणि ढाल घेऊन जातात. आम्ही यजमान असल्यामुळे पहिल्या सामन्यात हरतो. एका वर्षी दुसऱ्या सामन्यात हरलो होतो, तेव्हा अध्यक्षांचा सत्कार झाला. स्पर्धेची तारीख कशी ठरते, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ती अध्यक्षांच्या वाढदिवसाला धरून ठरते. आमचे सगळ्यांत भक्कम दोन बचावपटू मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे आहेत, आणि नेमके त्याच दिवसांत ते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले असतात. स्पर्धा होळीनंतर घ्या, असं मी एकदा सचिवांना सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि विचारलं, भाऊंचा वाढदिवस होळीनंतर कसा नेणार?

तेव्हा बचाव हा असा. पुढच्या फळीत मात्र एक माणूस होता.

तो काळी-पिवळी जीप चालवतो. शेलूबाजार ते मंगरूळ, आणि यात्रेच्या दिवसांत पोहरादेवी. चौदा वर्षं क्लबचा नऊ नंबर त्याच्या पाठीवर होता. तो फार पळत नसे. जीप भरल्याशिवाय जसा जागचा हलत नाही, तसाच गोलसमोरच्या चौकटीच्या कोपऱ्यावर कंटाळल्यासारखा उभा राही, आणि विरुद्ध संघाचे लोक त्याला विसरले की निघे. आमच्या क्लबने या चौदा वर्षांत जे काही गोल केले, त्यांतले बहुतेक या कंटाळ्यातून आलेले आहेत. आता त्याचं वय पस्तिशीला टेकलं होतं. क्लच दाबणारा पाय संध्याकाळपर्यंत सुजायचा.

गेल्या दिवाळीनंतर तो जीपच्या कागदांची झेरॉक्स काढायला आला होता. कागद निघेपर्यंत खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ताई, यंदा घरच्या मैदानात एक मॅच खेळतो अन् मीच सोडतो. फक्त त्याच्या आधी माह्यावर शाल नको पडाले."

शालीचं हे प्रकरण समजावून सांगायला हवं. आमच्याकडे खेळाडूला काढून टाकत नाहीत. ते असभ्य दिसतं. त्याचा सत्कार करतात. सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारायचं, मान्यवरांच्या हस्ते खांद्यावर शाल, हातात नारळ, 'क्लबच्या जडणघडणीत मोलाचं योगदान' असं एक वाक्य, आणि टाळ्या. ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याने त्या दिवसापासून मांडवात बसायचं असतं. त्याला कोणी तसं सांगत नाही. पुढच्या यादीत त्याचं नाव नसतं, एवढंच. आमचा जुना गोलकीपर बिचारा सत्काराला नवीन बूट घालून आला होता. त्याला वाटलं, शाबासकी आहे. सामना सुरू झाला तेव्हा गोलमध्ये त्याचा चुलतभाऊ उभा होता आणि हा नारळ मांडीवर घेऊन बसला होता.

जीपवाल्याला हे पाठ होतं. त्याला ढाल नको होती, भाषण नको होतं. एक सामना हवा होता आणि तो संपल्यावर आपल्या पायांनी बाहेर यायचं होतं. चौदा वर्षांच्या बदल्यात हे फार मोठं मागणं नव्हे, असं मला वाटलं. मला वाटण्याला क्लबच्या घटनेत काही स्थान नाही.

डिसेंबरात ठराव टाइप करायला आला. सततच्या पराभवांची कारणमीमांसा करण्यासाठी कार्यकारिणी बसली होती. तिला कारणं तीन सापडली: मैदान, पंच आणि नऊ नंबर. मैदान गुरांच्या बाजाराचं, ते बदलता येत नव्हतं. पंच अकोल्याचे, त्यांना चहा पाजूनही फरक पडला नव्हता. राहिला नऊ नंबर. तेव्हा 'बाहेरील दर्जेदार खेळाडू संशोधून आणण्यात यावा' असा ठराव एकमताने संमत झाला. संशोधून हा शब्द सचिवांचा. ते महाविद्यालयात मराठी शिकवतात, गाव त्यांना सर म्हणतं, आणि आयुष्यात त्यांनी एकदाच चेंडूला पाय लावला, तोही दुकानाच्या पायरीवर आलेला चेंडू बाजूला करण्यासाठी.

सर म्हणाले, खेळाडूंकडून बायोडाटा मागवू. एक नमुना करून द्या.

इथे माझा दोष आहे, तो मी मान्य करते. माझ्या संगणकात बायोडाट्याचा एकच नमुना होता, लग्नाचा. तालुक्यातल्या निम्म्या मुलामुलींची लग्नं त्या नमुन्यावर जमली आहेत. मी म्हटलं, यात खेळाचे रकाने घालून देते. सरांनी पडद्यावर वाचला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी, मामाकुळ, अपेक्षा. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, यात कायले हात लावता, सगळंच तर हाय. घाई होती. मी वर फक्त क्लबचं नाव टाकून दिलं. रास आणि गोत्र मात्र मी आपण होऊन काढलं. तेवढंच काय ते फुटबॉलसाठी केलं.

नमुना बदलला नाही म्हणून पुढचं सगळं घडलं, असं मी म्हणणार नाही. पण कागद ज्या घाटाचा असतो, त्या घाटाने माणसं चालायला लागतात. नागपूरजवळच्या कामठीहून एक बायोडाटा आला. दोन भावांपैकी धाकट्याचा. कामठीत गल्लोगल्ली फुटबॉल खेळतात आणि हा पोरगा तिथल्या एका चांगल्या संघातून गोल करत होता, असं कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं. कार्यकारिणीने ठरवलं, पाहून येऊ. एका रविवारी सकाळी अध्यक्ष, सचिव, दोन उपाध्यक्ष आणि अध्यक्षांचे मेहुणे असे पाच जण अध्यक्षांच्या गाडीतून समृद्धी महामार्गावर चढले. जाताना पेढ्यांचा पुडा घेतला. तो पुडा पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तिथे काय झालं ते मला सरांकडून कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ते 'निवड समितीच्या दौऱ्याचा अहवाल' टाइप करायला आले आणि आठवून आठवून सांगत बसले. घर चांगलं. वडील रेल्वेतून निवृत्त. माणसं अगत्यशील. कांदेपोहे झाले, चहा झाला. मेहुण्यांनी विचारलं, तुमचे कोणी आमच्या वाशीमकडे आहेत का? नातेवाईक निघालेच. वडिलांची एक मावसबहीण कारंज्याला दिली होती. मग अर्धा तास त्या मावसबहिणीच्या घरच्यांची चौकशी झाली. पोराला बोलावलं. पोरगा आला, नमस्कार करून बसला. शिक्षण विचारलं. व्यसन विचारलं. अध्यक्षांनी त्याला उभं करून उंची पाहिली.

इथे वडिलांनी हळूच विषय काढला. थोरलाही खेळायचा एके काळी, म्हणाले, धाकट्यापेक्षा सरस होता. घरात थोरला असताना पाव्हण्यांनी धाकट्याला पहिल्यांदा नेलं, तर समाजात बरं दिसणार नाही. त्याचं आधी होऊ द्या.

मी टाइप करणं थांबवलं. सर मात्र मान हलवत होते. त्यांना आणि बाकी चौघांनाही बापाचं म्हणणं पटलं होतं. पाचही जणांच्या घरी असंच झालेलं, थोरल्याचं आधी. अशा घरातून धाकट्याला उचलून आणणं त्यांच्याच्याने होईना. थोरल्याला बोलावलं. तो कूलर दुरुस्तीचं काम करतो, कामावरून तसाच आला. त्याने सरळ सांगितलं की गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याने खेळणं सोडलं आहे.

हा माणूस खरं बोलतो आहे, अशी शंका कोणालाही आली नाही. स्थळ पाहायला गेल्यावर समोरचा जो स्वतःबद्दल कमी सांगतो, तो संस्कारी. अध्यक्षांना तो फारच आवडला. उठताना पेढे त्याच्या हातात दिले.

मी सरांना विचारलं, यांच्यापैकी कोणालाही चेंडूबरोबर पाहिलं का? घराशेजारी मैदान असेल, गल्ली असेल.

सर माझ्याकडे वळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, लोकाच्या घरी पोहे खायचे अन् त्याच्याच पोराले अंगणात पळवून पाहाचं? कसं दिसते ते?"

अहवालात मी लिहिलं: 'खेळाडू समितीस सर्वानुमते पसंत पडला.' शब्द त्यांचे, टंकलेखन माझं.

स्पर्धेच्या आठवड्यात मुख्य चौकात फ्लेक्स लागला. अध्यक्षांचा चेहरा सिमेंटच्या टाकीएवढा, उपाध्यक्षांचे घागरीएवढे, सल्लागारांचे वाटीएवढे, आणि तळाला खेळाडू पासपोर्ट आकाराचे. तांड्यांवरचे ते दोघे ऊस तोडत असले तरी फोटोत होते. नऊ नंबरच्या जागी कामठीचा थोरला सूट घालून उभा होता, कारण त्याच्याकडे चांगला फोटो लग्नातलाच होता. जीपवाला फ्लेक्सवर नव्हता. दिवसातून आठ वेळा त्याला त्या चौकातून जावं लागायचं. फ्लेक्सबद्दल प्रवासी बोलत. शेंबाळपिंपरीची एक म्हातारी म्हणे त्याला म्हणाली, तुह्या जागी हा नवरदेव कोन उभा केला रे?

सामन्याच्या आदल्या दिवशी सर दोन याद्या घेऊन आले. एक मान्यवरांची, दुसरी खेळाडूंची. मान्यवरांच्या यादीवर दुपार गेली. कोणाच्या आधी कोण, 'प्रमुख उपस्थिती' कोणाची आणि 'विशेष उपस्थिती' कोणाची, यावर तीनदा फोन झाले आणि चार वेळा मी नावं खालीवर केली. दरबारातल्या मानकऱ्यांच्या रांगांची वर्णनं मी इतिहासाच्या पुस्तकांत वाचली आहेत. ते दरबार बुडाल्याचंही तिथेच वाचलं आहे.

खेळाडूंची यादी सरांनी जाता जाता सांगितली. अठरा नावं. मागच्या वर्षीची आहे ना, म्हणाले, तीच ठेवा. नऊ नंबरला कामठीचं नाव टाका. जीपवाल्यांचं काढा, त्यांचा उद्या सत्कार हाय.

मी नऊ नंबरला कामठीच्या थोरल्याचं नाव टाकलं. तेवढ्याने जीपवाल्याचं नाव यादीतून गेलं असतं. अठराव्या जागी मंगरूळच्या एका पोराचं नाव होतं, तो नोकरीला लागून केव्हाच पुण्याला गेला होता. मी ते पुसलं आणि तिथे जीपवाल्याला बसवलं. यात काही धाडस नाही. अशा गावात माझ्यासारख्या माणसाच्या हातात असतं ते एवढंच, एक नाव नऊ ओळी खाली नेणं. सरांनी मान्यवरांची यादी पुन्हा अक्षरन् अक्षर तपासली, एकाच्या नावामागे 'माननीय' राहिलं होतं ते घालून घेतलं, आणि खेळाडूंच्या यादीवर न वाचता सही केली. मी मोजून पाहिलं नाही, पण त्यांना त्या सहीला एका श्वासाच्या निम्मा वेळ लागला.

सकाळी जीपवाला स्टँडकडे जाताना मी त्याला हाक मारली आणि यादीची एक झेरॉक्स दिली. त्याने वरून खाली वाचली. अठराव्या ओळीवर थांबला. घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली आणि विचारलं, सरांची सही हाय का याच्यावर? मी म्हटलं, आहे. मग तो गेला.

सामना तीनला होता. तीनला मान्यवर यायला सुरुवात झाली. नारळ फुटला, तोही पेनल्टीच्या खुणेवर, त्यामुळे तिथली पांढऱ्या फक्कीची खूण ओली होऊन पुसली गेली. प्रमुख पाहुण्यांनी चेंडूला लाथ मारून उद्घाटन केलं, चेंडू हातभर सरकला, फोटोवाल्याला नीट मिळाला नाही म्हणून परत मारली. दोन्ही संघ ऊन उतरेपर्यंत रांगेत उभे. मग सत्कार. जीपवाला पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून आला होता. अध्यक्षांनी शाल पांघरली. तो वाकला, नारळ घेतला, आणि मांडवात शेवटच्या ओळीत बसला. शाल त्याने दुमडून मांडीवर ठेवली.

कामठीचा थोरला एकटा आला नव्हता. लग्नाला करवला येतो तसा धाकटा सोबत आला होता. त्याच्या छातीवर क्लबने 'पाहुणे' असा बिल्ला लावला होता. सामना सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत थोरला बाजूला उभा राहून धापा टाकू लागला. माणूस प्रामाणिक. जेवढं पळता येत होतं तेवढं पळला. त्याच्याकडे चेंडू आला की तो आधी गुडघ्याकडे पाहायचा. मंगरूळच्या संघाने हाफ टाइमपर्यंत दोन गोल केले, आणि दोन्ही वेळा आमच्या बचावाच्या मधोमध, ऊसतोडीला गेलेल्या दोघांच्या रिकाम्या जागेतून, त्यांचा खेळाडू चालत यावा तसा आला.

हाफ टाइमला धाकटा कंटाळून मैदानाच्या कडेच्या भिंतीपाशी गेला. तिथे एक जादा चेंडू पडला होता. त्याने तो पायाच्या अंगठ्याने उचलला आणि एका जागी उभा राहून उडवू लागला. पायावर, मांडीवर, डोक्यावर, परत पायावर. चेंडू खाली पडेचना. भिंतीवर बसलेले लोक मोजू लागले. मोठ्याने मोजत होते, आणि मांडवातल्या मंडळींनीही वळून कौतुकाने पाहिलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचा पोरगा हुशार आहे, असं ते शेजाऱ्याला म्हणाले. यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याला खेळवायला आणलंच नव्हतं.

दुसरा अर्धा सुरू होऊन थोडा वेळ झाला, तेव्हा थोरल्याने स्वतःच हात वर केला आणि लंगडत रेषेपाशी आला. आमचे कोच शाळेत पीटी शिकवतात आणि कार्यकारिणीपुढे बोलत नाहीत. ते मागे वळले. मांडवातून जीपवाला आधीच उठला होता.

सिनेमात असतं तसं काही झालं नाही. पांढऱ्या शर्टाखाली त्याने जुनी जर्सी घातली होती हे खरं, पण बटणं निघायला वेळ लागला, आणि एक तुटून खुर्च्यांखाली गेलं ते शोधण्यात त्याचे काही सेकंद गेले. शाल त्याने घडी करून खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. अध्यक्ष उठून आडवे आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "सत्कार झालेला माणूस खेळते काय? पाहुणे बसले हाय इथं. काय म्हणतीन ते?"

जीपवाल्याने काढलेल्या शर्टाच्या खिशातून यादीची घडी काढली आणि त्यांच्या हातात न देता पंचांकडे नेली. पंच अकोल्याचे. त्यांनी स्वतःकडची यादी पाहिली, ही पाहिली. अठराव्या नंबरले नाव हाय, सचिवाची सही हाय, या आत, म्हणाले. सर माझ्या खिडकीकडे वळून पाहत होते. मी वह्यांचा गठ्ठा लावत होते.

त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. तो कोपऱ्यावर उभा राहिला. लोकांनी ओरडून पाहिलं, पळ म्हणाले, एकाने जीपचा हॉर्न वाजवून दाखवला. तो उभाच. मला खिडकीतून दिसत होतं तो कुठे उभा आहे ते. पश्चिमेकडच्या गोलसमोर बाजाराच्या दिवशी गुरं बांधायला खुंट ठोकतात. बाजार उठला की खुंट जातात, भोकं राहतात, आणि मांडवातून तो गोल दिसत नसल्यामुळे ती कोणी बुजवत नाही. आमच्या बाजूने एक लांब, आंधळा, निरर्थक चेंडू आला. मंगरूळचा गोलकीपर तो घ्यायला शांतपणे पुढे आला. चेंडू भोकाच्या काठावर पडला आणि डावीकडे उडाला. गोलकीपर उजवीकडे होता. डावीकडे जीपवाला होता, आणि मला वाटतं तो तिथे गेली चौदा वर्षं उभा होता.

सामना आम्ही दोन-एक असा हरलो. शिट्टी झाल्यावर तो मैदानाबाहेर चालत आला, कोणाच्याही खांद्यावर नाही, आणि खुर्चीखाली बटण शोधू लागला. कामठीचा थोरला त्याच्याशेजारी बसला होता. तो त्याला म्हणत होता, "मी तर तुमच्या लोकांले घरीच सांगतलं होतं, गुडघा गेला म्हणून. ते म्हणे, पोरगा किती नम्र हाय." दोघं हसत होते. बटण धाकट्याला सापडलं.

दोन दिवसांनी सर अहवाल घेऊन आले. यादीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सही न वाचता केली हे सांगावं लागलं असतं. अहवाल असा होता: निसटता पराभव. पाहुण्यांकडून संयोजनाची प्रशंसा. आणि तिसरा मुद्दा, 'क्लबतर्फे झालेल्या सत्काराने प्रेरित होऊन ज्येष्ठ खेळाडूने गोल नोंदवला; सबब पुढील वर्षी सत्कारांची संख्या वाढवण्यात यावी.' मी तो जसाच्या तसा टाइप केला. माणसं इतक्या चिकाटीने चूक करत असतील, तर मध्ये शुद्धलेखन सोडून काही दुरुस्त करू नये.

मी ते छापत असताना जीपवाला आला. जीप बाहेर उभी होती, चालू. म्हणाला, एक अर्ज टाइप करून द्या, अध्यक्षांच्या नावे. त्याने उभ्या उभ्या सांगितला. 'मी आजपासून क्लबतर्फे खेळणे थांबवत आहे. हा निर्णय माझा आहे.' आणखी काही लिहायचं का, मी विचारलं. आभार वगैरे? तो म्हणाला, नाई, एवढंच. दोन प्रती काढा. एकीवर सरांची पोच पाहिजे.

सर गडबडले. असा अर्ज क्लबच्या इतिहासात आलेला नाही, म्हणाले. खेळाडू कुठं राजीनामा देतो का? तुमचा तर सत्कार झाला हाय, आता कायले लागते हे? जीपवाला काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. तीच उभं राहण्याची पद्धत. बाहेर प्रवासी आवाज देऊ लागले. सरांनी शेवटी पेन काढला. या वेळी त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, मग 'मिळाला' असं लिहून सही केली आणि तारीख टाकली. जीपवाल्याने ती प्रत लॅमिनेट करून मागितली. गरम होती ती तशीच हातात धरून तो गेला. स्टीअरिंगच्या वर, परमिटशेजारी ती अजून लावलेली आहे.

सर निघताना आठवल्यासारखे थांबले. पुढच्या वर्षी गोलकीपर बाहेरून आणायचा ठराव झाला हाय, म्हणाले, तो बायोडाट्याचा नमुना काढा एक. मी काढून दिला. मधल्या दोन दिवसांत मला वेळ होता, त्यामुळे त्यात आता एक रकाना नवीन होता: शेवटचा सामना कधी खेळलात. आणि एक रकाना कमी होता.

सरांनी कागद वरून खाली नीट वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "ताई, याच्यातलं मामाकुळ कुठं गेलं?"